संध्याकाळ जिलेटिनच्या कागदात नसते

मागच्या अंकात नाटकातल्या प्रकाशयोजनेवर आणि वातावरणनिर्मितीवर लिहिलं होतं. लेखाच्या शेवटी ‘प्रश्न असतील तर कळवा’ म्हटलं आणि पिशवीभर पत्रं आली. त्यातली आठ इथे घेते. बहुतेकांनी एकच गोष्ट विचारली आहे : कुठलं जिलेटिन (दिव्यापुढचा रंगीत पारदर्शक कागद) लावू? चौतीस वर्षं लाइटचं काम करून माझं मत असं झालंय की जिलेटिन सगळ्यात शेवटी येतं. उजेड कुठून येतो आणि किती वेळात बदलतो, हे आधी ठरवायचं. पुढच्या उत्तरांत हे पुन्हा पुन्हा येईल, त्याला माझा इलाज नाही.

प्रश्न : ताई, राज्य नाट्य स्पर्धेसाठी दोन अंकी नाटक बसवतोय. कोकणातलं जुनं घर, जुलै महिना, दुपारी चारपासून रात्री आठपर्यंतचा काळ, बाहेर पाऊस. संध्याकाळसाठी समोरच्या बारवर (दिवे टांगायच्या आडव्या नळीवर) निळं जिलेटिन लावून पाहिलं, तर सगळी पात्रं आजारी दिसायला लागली. फिकट निळं लावलं तर काहीच होत नाही. कुठला नंबर वापरू?
— एक दिग्दर्शक, चिपळूण

नंबर सांगते, पण आधी तुमच्या ओळखीचं एखादं जुनं घर आठवा. जुलैतल्या दुपारी माजघरात उजेड कुठून येतो? पडवीच्या दारातून आणि फार तर एखाद्या लहान खिडकीतून. म्हणजे एका बाजूने. शिवाय छप्पर इतकं खाली उतरलेलं असतं की आभाळ आतून दिसतच नाही. आभाळाचा उजेड अंगणातल्या पाण्यावर, ओल्या चिऱ्यावर पडतो आणि तिथून उलटा घरात शिरतो. म्हणून पावसाळ्यात दाराशी बसलेल्या माणसाच्या हनुवटीला उजेड असतो आणि कपाळ काळवंडलेलं असतं. दारापासून आठ-दहा फूट आत बसलेल्या आजीचा चेहरा अर्धाच दिसतो. जांभ्याची भिंत उरलेला उजेड पिऊन टाकते.

आता तुमचा समोरचा बार बघा. त्यावरचा निळा उजेड सगळ्यांवर सारखा पडतोय, दाराशी बसलेल्यावर आणि कोपऱ्यातल्यावरही. असं घर कुठेच नसतं. माणसं आजारी दिसतात त्याचंही कारण साधं आहे. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेचा जिवंतपणा तांबड्या-पिवळ्यात असतो. निळं जिलेटिन तोच भाग अडवतं, मग चेहऱ्यावर राखेचा रंग उरतो.

मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं. पडवीचं दार डावीकडे आहे असं धरू. डाव्या विंगेत, दाराच्या बाहेर, सहा बाय आठ फुटांचा पांढरा मांजरपाट ताणून बांधायचा, खालची कड रंगमंचाकडे ओढून, म्हणजे कापडाचं तोंड किंचित वर राहील. हजार वॉटचे हॅलोजन त्या कापडावर मारायचे, पात्रांवर अजिबात नाही. कापडावरून परतलेल्या उजेडाला कडक सावली नसते आणि ढगाळ दिवसाची ओळख तीच. कोरा मांजरपाट पिवळट असतो, म्हणून दोनदा धुऊन घ्या. दिवे कापडापासून पाच फूट तरी लांब ठेवा आणि रंगीत तालमीत अर्ध्या तासाने कापडाला हात लावून बघा, किती तापलंय ते कळेल.

समोरचा बार पूर्ण बंद करा असं मी म्हणत नाही. तो इतका कमी ठेवा की शेवटच्या रांगेला डोळे दिसावेत, पण उजेड समोरून येतोय असं वाटू नये. माझा अनुभव पंधरा ते वीस टक्क्यांचा आहे. तुमच्या नाट्यगृहात तो वेगळा निघेल.

आता वेळ. इथे हॅलोजन फसवतो. डिमरवर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायच्या यंत्रावर, हॅलोजन खाली आणला की त्याची तार थंड होते आणि उजेड तांबूस होत जातो. खरी पावसाळी संध्याकाळ उलट वागते, ती मावळताना निळी होत जाते. म्हणून तेच दिवे नुसते उतरवले की पावसाळी संध्याकाळ न होता मेणबत्ती विझल्यासारखं होतं. त्यासाठी कापडावर दिव्यांच्या दोन जोड्या हव्यात. पहिलीला ली कंपनीचं २०२, म्हणजे अर्धं दिवसाचं निळं. दुसरीला १६१, राखाडी झाक असलेलं निळं. पहिली जोडी सत्तर टक्क्यांवरून शून्याकडे, त्याच वेळात दुसरी शून्यावरून चाळीसकडे. हा बदल पंधरा मिनिटांत व्हायला हवा. दिवे चालवायचा बोर्ड संगणकी असेल तर वेळ भरून टाका. हाताचा असेल तर ऑपरेटरच्या संहितेत त्या पंधरा मिनिटांच्या प्रत्येक पानावर पेन्सिलीने दोन खुणा करा आणि प्रत्येक खुणेला बोर्डाच्या मुठी केसभर सरकवायच्या. कुणाला बदल होताना दिसला तर तुम्ही घाई केलीत असं समजा.

आणि मग घरातला दिवा. संहितेत तो कुणी लावत नसेल तर लेखकाला विनंती करा, कारण तुमची संध्याकाळ त्या क्षणी पूर्ण होणार आहे. चाळीस वॉटचा पिवळा बल्ब लागला की बघणाऱ्याचा डोळा त्याच उजेडाला पांढरं मानायला लागतो आणि दाराबाहेरचं फिकट निळं एकदम गडद निळं होतं. बाहेरच्या दिव्याला तुम्ही हातही लावलेला नसतो. बल्ब डोळ्यांत खुपू नये म्हणून तो डिमरवर साठ टक्क्यांना ठेवा आणि चेहऱ्यांसाठी त्याच दिशेने वरून एक छोटा स्पॉट घ्या, २०५, म्हणजे फिकट केशरी, लावून. दोन्ही एकाच क्यूवर, म्हणजे एकाच इशाऱ्यावर.

हा क्यू ऑपरेटरने संवादावर घेऊ नये, नटाच्या बोटावर घ्यावा. आमच्या एका नाटकात आजोबांचं काम करणारे नट बटण दाबायचे, दिवा लागायचा नाही. ते पुन्हा दाबायचे, मग भिंतीवरच्या स्विचबोर्डावर एक चापट मारायचे आणि तेव्हा दिवा लागायचा. हे त्यांनी तालमीत स्वतःच शोधलं होतं. त्या चापटीचा आवाज हाच आमचा क्यू होता. पहिल्या दाबाला प्रेक्षागृहात शांतता असायची आणि चापटीनंतर दिवा लागला की लोक सुस्कारा सोडायचे, आपल्याच घरी लाइट आल्यासारखा.

पाऊस दिसायला हवाच असं नाही, तो ऐकू आला की पुरतो. तरी अंगणातल्या पाण्याची थरथर भिंतीवर हवी असेल, तर पसरट परातीत आरशाचे तुकडे ठेवून वर बोटभर पाणी घाला, त्यावर एक बारीक झोत तिरका मारा आणि पाणी काठीने हलकं हलवा. परातीजवळ वायर, प्लग काहीही नको. ही थरथर दोन मिनिटांपेक्षा जास्त चालवू नका, लोक संवाद सोडून भिंतीकडे बघत बसतात.

प्रश्न : आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेला आम्हाला सहाच दिवे मिळणार आहेत. एकांकिका स्मशानातल्या चौकीदारावर आहे. सहा दिव्यांत वातावरण होतं का?
— कॉलेजचा नाट्यगट, नाशिक

होतं, पण एक पारंपरिक सवय सोडावी लागेल. येल विद्यापीठातले स्टॅन्ली मॅक्कॅन्डलेस यांनी १९३२ मध्ये एक पद्धत मांडली. रंगमंचाचे विभाग पाडायचे, प्रत्येक विभागाला समोरून दोन दिवे, एक डावीकडून आणि एक उजवीकडून, दोन्ही साधारण पंचेचाळीस अंशांवर, एक उबदार आणि एक थंड. पद्धत उत्तम आहे. जगभर जनरल, म्हणजे सगळा रंगमंच उजळणारा साधा उजेड, लावायची सुरुवात तिथूनच होते. पण तुमचे डावा, मधला, उजवा असे तीन विभाग धरले तर तीन दुणे सहा, सगळे दिवे त्यातच संपले. चेहरे स्वच्छ दिसतील आणि स्मशान मात्र कॉलेजच्या हॉलसारखं दिसेल.

म्हणून तीन विभाग करूच नका. चौकीदाराची जागा एक ठरवा, तिथेच एकांकिकेचा बहुतेक भाग घडू द्या. दिग्दर्शक कुरकुरेल, त्याला माझं नाव सांगा. दोन दिवे एकाच बाजूच्या विंगेतून, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर. एक मागून, उंचावरून, खांद्यांना कड देण्यासाठी. एक समोरून, अगदी मंद. पाचवा जमिनीवर, चितेच्या निखाऱ्याच्या जागी, समोर लाकडं रचून झाकलेला, त्याला केशरी जिलेटिन. संपूर्ण योजनेत रंग फक्त इथे. सहावा लावू नका. तो हातात ठेवा आणि रंगीत तालमीत ज्या ठिकाणी सगळ्यांना अडल्यासारखं वाटेल तिथे वापरा. हिरवा उजेड आणि चमकणारा स्ट्रोब, दोन्ही नकोत. चौकीदार रोज तिथे जेवतो, झोपतो. त्याला त्या जागेची भीती वाटत नाही, मग उजेडाने कशाला घाबरायचं?

प्रश्न : मी नाटकाची नेमाने प्रेक्षक आहे, वय अडुसष्ट. हल्ली नाटकं इतकी अंधारात का करतात? नटाचं तोंड दिसत नाही आणि तोंड दिसलं नाही की मला ऐकूही कमी येतं. माझी मुलं म्हणतात, आई, ते वातावरण असतं.
— एक वाचक, डोंबिवली

तुमचं पत्र मी माझ्या हाताखालच्या तीन मुलांना मोठ्याने वाचून दाखवलं. तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे आणि त्याला शरीरशास्त्राचा आधार आहे. वय वाढलं की बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही, डोळ्यातलं भिंगही पिवळसर होतं. म्हणून साठीनंतर तेवढ्याच उजेडातला खूप कमी भाग आत पोचतो. प्रकाशयोजना करणारा पंचविशीतला, तालमीत दहाव्या रांगेत बसलेला. त्याला दिसतं म्हणजे सगळ्यांना दिसतं असं तो धरून चालतो. आणि ऐकण्याचं म्हणाल तर आपण सगळेच थोडंफार ओठ वाचत असतो.

अंधार दाखवायचा म्हणजे उजेड काढून घ्यायचा, असं नाही. उजेड आणि काळोख यांतला फरक दाखवायचा. चेहऱ्याच्या एका बाजूला चांगला उजेड असेल, दुसरी बाजू काळी असेल आणि मागचा पडदा पूर्ण काळा असेल, तर तो प्रसंग रात्रीचाच वाटतो आणि डोळेही दिसतात. तेवढाच उजेड सगळीकडे पातळ पसरला की रात्रही वाटत नाही आणि तोंडही दिसत नाही. मागे कुणी पांढरा सदरा घालून बसला असेल तरी सगळं बिघडतं. डोळा त्या सदऱ्याला धरून जुळवून घेतो आणि चेहरा बुडतो. मी वेशभूषाकाराकडून असले सदरे चहाच्या पाण्यात बुडवून घेते.

दुसरं, डोळ्याला वेळ लागतो. भर उजेडातून काळोखात गेल्यावर पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं जातात. नाटकाला तेवढा वेळ नसतो, म्हणून पडदा उघडण्याआधी हॉलचे दिवे फटकन न घालवता मिनिटभर घेऊन उतरवायचे. अंधारा प्रसंग ठरवलेल्या पातळीपेक्षा थोडा उजळ सुरू करायचा आणि पहिल्या चाळीस सेकंदांत खाली आणायचा. प्रेक्षकाने एकदा चेहरा पाहून ठेवला की तो पुढे कमी उजेडातही ओळखतो.

माझ्या प्रत्येक रंगीत तालमीला साठीच्या पुढचं एक माणूस शेवटच्या रांगेत बसवलेलं असतं. पूर्वी आई बसायची, आता शेजारच्या काकू बसतात. काकूंनी हात वर केला की मूठ वर जाते, त्यावर चर्चा होत नाही.

प्रश्न : आमच्या मंडळाचं गणेशोत्सवात नाटक असतं. हजार वॉटचे आठ पार (डब्यासारखे साधे दिवे) भाड्याने घेतलेत. मांडवात पंधरा अँपिअरचा एक प्लग आहे. तेवढ्यावर चालेल ना?
— मंडळाचा कार्यकर्ता, सातारा जिल्हा

अजिबात नाही. कृपा करून पुढचं सगळ्या मंडळाला वाचून दाखवा.

हजार वॉटचा एक दिवा २३० व्होल्टवर साधारण ४.३ अँपिअर घेतो. तीन दिवे म्हणजे तेराच्या पुढे. पंधरा-सोळा अँपिअरच्या प्लगवर तीन झाले की थांबायचं. आठ दिवे म्हणजे जवळपास पस्तीस अँपिअर, त्याला थ्री फेजची तात्पुरती जोडणी, मुख्य स्विच, गळती पकडणारा ब्रेकर आणि अर्थिंग लागतं. ते परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

एका गावच्या मांडवात मी एक प्रसंग डोळ्यांनी पाहिला आहे. दिवे मोजून लावले होते, जोडणी ठीक होती, पण पन्नास मीटरच्या केबलमधली वीसच मीटर वापरलेली आणि उरलेली तशीच रिळावर गुंडाळलेली. गुंडाळलेल्या केबलची उष्णता बाहेर पडू शकत नाही. दुसऱ्या अंकात रबराचा वास आला. आधी आम्हाला वाटलं, दिव्यावर जिलेटिन जळतंय. मी विंगेत जाऊन बघते तर रिळाच्या आतले वेढे एकमेकांत वितळून गेले होते आणि शेजारी बायकांचे कपडे टांगलेले. पडदा पाडला, मेन स्विच काढला, कुणाला काही झालं नाही. तेव्हापासून माझ्या कामावर केबल रिळावरून पूर्ण उतरवल्याशिवाय दिवा लागत नाही. तुम्हीही तसंच करा. आणि डोक्यावर टांगलेल्या प्रत्येक दिव्याला क्लॅम्पशिवाय वेगळी साखळी हवी. भाड्याने देणारा ‘साखळ्या नाहीत’ म्हणाला तर दिवेही परत करा.

प्रश्न : नगरपालिकेच्या सभागृहासाठी नवे दिवे घ्यायचेत. सगळे एलईडी घ्यावेत का?
— बार्शी

मागच्या पांढऱ्या पडद्यासाठी, म्हणजे सायक्लोरामासाठी, आणि रंगीत बॅकलाइटसाठी बेधडक एलईडी घ्या. वीज वाचते, जिलेटिनचा खर्च जातो आणि गर्द निळा तर हॅलोजनपेक्षा कितीतरी जोमदार मिळतो. हॅलोजनवर तसं गर्द निळं जिलेटिन लावलं की उजेडाचा अगदी थोडा अंशच पलीकडे येतो, बाकी सगळा कागद तापवण्यात जातो.

चेहऱ्यांसाठी मात्र लाल-हिरवा-निळा मिसळणारे स्वस्त पार घेऊ नका, त्यांच्या पांढऱ्यात आपली त्वचा मातकट दिसते. उबदार पांढरा एलईडी असलेले फ्रेनेल (मऊ कडेचा झोत देणारे) किंवा प्रोफाइल (कडक कडेचा झोत देणारे) घ्या. घेण्याआधी दुकानदाराला एकच परीक्षा द्यायला लावा : खोली काळोखी करायची आणि दिवा वीस सेकंदांत शून्यावर उतरवायचा. शेवटच्या पाच टक्क्यांत तो पायऱ्या उतरल्यासारखा धक्के खात विझला, तर नाटकाला तो नको. पंख्याचा आवाजही तेव्हाच ऐका. आणि एलईडीला थेट वीज द्यायची असते. जुन्या डिमरवर जोडाल तर दिवा आणि पैसे दोन्ही जातील.

प्रश्न : आम्ही झाडीपट्टीत नाटकं करतो. उघड्यावर मांडव, जनरेटर, रात्रभर प्रयोग. तुमचे सगळे नियम बंद नाट्यगृहाचे. आमच्याकडे वातावरण वगैरे जमतं का?
— देसाईगंज (वडसा)

तुमच्या भागातला एक प्रयोग मी पहाटेपर्यंत बसून पाहिला आहे, अंगावर ब्लँकेट घेऊन. जे तुमच्याकडे आहे ते आम्हाला पैसे देऊन मिळत नाही. दिवाळीनंतरचा हंगाम, धानाची कापणी झालेली, मध्यरात्रीनंतर शेतातून धुकं चढतं. त्या धुक्यात मागून सोडलेला एक साधा पार असा दिसत होता की आभाळातून खांब उतरलाय. शहरात आम्ही त्यासाठी यंत्र भाड्याने आणतो.

म्हणून मागचा उजेड वाढवा, समोरचा थोडा कमी करा. रात्री दोननंतरच्या प्रवेशांना ठरवून मागचे दोन दिवे राखून ठेवा. धुकं तेव्हाच असतं आणि लोकांना झोपही तेव्हाच येते. किड्यांसाठी मांडवापासून लांब, प्रेक्षकांच्या पाठीमागे एक पांढरा दिवा जळता ठेवा, बरेचसे तिकडे जातात. जनरेटरवर ध्वनी आणि लाइट एकाच फेजवर नको. दिवे एकदम वर घेतले की व्होल्टेज पडतं, गाण्याच्या वेळी माईक खरखरतो आणि गाणं हा तर तुमच्या नाटकाचा प्राण. दिवे तीन-चार सेकंद घेऊन वर न्या, फरक लगेच कळेल.

तुमच्याकडे रात्र खरी असते आणि नाटक संपेपर्यंत पहाटही खरी होते. शेवटच्या प्रवेशाची वेळ दिवस उजाडण्याशी जुळवून कुणी नाटक बसवलं, तर मला नक्की कळवा. मी येईन.

प्रश्न : धुराचं यंत्र वापरावं का? आमच्या नायिकेला दमा आहे.
— कोल्हापूर

नायिकेला दमा आहे म्हणताय, तर उत्तर नाही असंच आहे. यंत्र पाण्याच्या द्रवाचं असलं तरी नाही. धुराशिवाय उजेडाचा झोत दिसत नाही, हे खरं. पण झोत जमिनीवर कुठे पडतो ते लोकांना दिसतंच. खिडकीच्या गजांची सावली जमिनीवर पाडा, तेवढ्याने काम होईल.

प्रश्न : मला प्रकाशयोजनाच करायची आहे. घरी कुणी नाटकातलं नाही. शिकू कुठे आणि सुरुवात कशाने करू?
— वय एकोणीस, मिरज

रीतसर शिकायचं तर दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे, पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबईत विद्यापीठाची थिएटर आर्ट्सची अकादमी. तिथे लाइटबरोबर नेपथ्य, अभिनय, दिग्दर्शनही शिकवतात आणि ते हवंच. पण प्रवेश मिळेपर्यंत थांबू नका.

माझे वडील नाटकांना लाइट द्यायचे. मी सहा-सात वर्षांची असताना, १९७०च्या आसपास, त्यांच्याकडे मिठाच्या पाण्याचे डिमर होते. चिनी मातीचे उभे पाइप, त्यात मीठ घातलेलं पाणी, तळाशी शिशाचा एक पत्रा आणि दोरीला बांधलेला दुसरा. वरचा पत्रा खाली सोडला की दोन पत्र्यांमधलं पाणी कमी होतं, वीज सहज जाते, दिवा उजळतो. वर ओढला की मंद होतो. तिसऱ्या अंकापर्यंत पाणी कढत यायचं आणि विंगेत खारट वाफ भरायची. ते फार धोक्याचं होतं, आज कुणी करून बघू नये. पण वडिलांचा हात मला अजून दिसतो. पहाट आणायची असली की ते दोरी ओढायचे नाहीत, बोटांतून झिरपू द्यायचे, डोळे रंगमंचावर आणि श्वास नटाबरोबर. पहाटेला किती वेळ लागतो ते मी त्या दोरीवर शिकले.

प्रकाशयोजनाकार तापस सेन यांचं नाव शोधून वाचा. १९५९ मध्ये कोलकात्याच्या मिनर्व्हा थिएटरमध्ये उत्पल दत्त यांच्या ‘अंगार’ नाटकात कोळशाच्या खाणीत पाणी भरत जातं आणि अडकलेले कामगार बुडतात, हा प्रसंग त्यांनी दिव्यांनी उभा केला. रंगमंचावर पाण्याचा थेंब नव्हता. संगणक नाही, एलईडी नाही, आणि प्रेक्षकांना पाणी चढताना दिसत होतं. पाणी चढतं म्हणजे नेमकं काय हलतं, याचा त्यांनी किती बारकाईने विचार केला असेल, त्याचा तुम्हीही विचार करा.

आणि सुरुवात आजपासून. शंभर पानी वही घ्या. रोज एका जागी, एका वेळी, दहा मिनिटं बसायचं आणि उजेड लिहून काढायचा. मिरज जंक्शनचा फलाट पहाटे पाचला, सतारमेकरांच्या गल्लीतलं एखादं दुकान दुपारी तीनला, दर्ग्याचं अंगण दिवेलागणीला. उजेड कुठून येतोय, कशावर आपटून येतोय, सावली किती काळी आहे, माणसाच्या तोंडाची कुठली बाजू दिसत नाही. ‘सुंदर’, ‘गूढ’ असले शब्द लिहायचे नाहीत. सतारमेकर भोपळ्यावर काम करताना तो कुठल्या हाताला खिडकी ठेवतो, हे लिहायचं. महिन्यातून एकदा घरातले दिवे घालवून, एका खुर्चीवर आईला बसवून, टॉर्च तिच्याभोवती फिरवून बघा : समोरून, बाजूने, मागून, खालून. प्रत्येक ठिकाणी ती किती वयाची दिसते ते तिच्यासमोरच लिहा.

वही भरली की मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावाने पाठवा. सगळी वाचून, पेन्सिलीने खुणा करून परत पाठवीन.